पहिले पाऊल कोणी पाहिले?

ठाण्याच्या एका आजींचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्याने त्यातला आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

"सप्रेम नमस्कार. मी एकसष्ट वर्षांची आहे. नौपाड्यातले घर बंद करून गेल्या वर्षी घोडबंदर रस्त्यावर मुलाच्या घरी राहायला आले. नातीला आठवा महिना लागला आहे. सून ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी करते आणि सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यापासून पुन्हा कामावर जाऊ लागली आहे. सकाळी आठला निघते ती संध्याकाळी माजिवड्याच्या वाहतुकीतून सुटून घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. दिवसभर नात माझ्याजवळ असते. मालिश-आंघोळीला बाई येतात, त्या अकराच्या सुमारास जातात.

मध्यंतरी एका दुपारी नात कशाचाही आधार न घेता बसली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण सुनेला सांगायला जीभ रेटेना. दोन दिवसांनी, शनिवारी, ती सुनेसमोर तशीच बसली. सुनेने टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढून माहेरी पाठवला आणि 'आई, पहिल्यांदा बसली!' असे म्हणून मला मिठी मारली. मी गप्प राहिले. आता नात रांगण्याच्या बेतात आहे. पुढे पहिले पाऊलही तिने दुपारीच टाकले, तर ते सुनेला सांगावे की लपवावे? मुलाच्या वेळी मी नोकरी करत होते. त्याचे रांगणे मला आठवतही नाही. आता नातीचे सारे डोळे भरून पाहायला मिळते, पण सुनेच्या हक्काचे सुख मीच उपभोगते आहे, अशी टोचणी लागून राहते. त्यातच आमच्या इमारतीतले चौथ्या मजल्यावरचे बाळ हिच्याहून लहान असून रांगते. सून रोज रात्री मोबाइलमधल्या अ‍ॅपवर हिच्या वयाला काय काय यायला हवे ते तपासते आणि काळजीत पडते. मुलगा म्हणतो, वॉकर आणू या. आपण काय सांगाल?"

सप्रेम नमस्कार.

सांगावे की लपवावे, याचे उत्तर आधी देते: सांगावे. त्या शनिवारी तुम्ही गप्प राहिलात त्यामागे सुनेविषयीची माया होती, हे पत्रातून स्पष्ट दिसते आणि त्याबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. परंतु एकदा मायेपोटी पाळलेले मौन हा घरचा रिवाज होऊ नये. दिवसभर बाळापासून दूर असलेल्या आईला तुमच्या सांगण्यावरच भिस्त ठेवावी लागते. दूध किती घेतले, शी कशी झाली, अंग कोमट वाटले का, झोप नीट झाली का, हे सगळे ती तुम्हालाच विचारणार. आणि चांगली बातमी लपवणारे माणूस वाईट बातमीही लपवत असेल, अशी शंका एकदा मनात शिरली की ती निघणे कठीण जाते. शिवाय नात केव्हापासून बसते आहे, हे मालिशच्या बाईंच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही. बातमी त्यांच्या तोंडून फुटण्याआधी तुमच्या तोंडून गेलेली बरी. त्यासाठी समोर बसवून कबुलीजबाब देण्याची गरज नाही. "गुरुवारी दुपारी थोडी बसली होती, पण तुझ्यासमोर बसली तशी ऐटीत नव्हती बसली," एवढे जेवताना सहज बोलून गेलात तरी पुरे आहे, आणि बहुधा ते खरेही असेल.

ते खरे असेल असे मी का म्हणते, हे जरा विस्ताराने सांगते, कारण तुमची टोचणी आणि तुमच्या सुनेची काळजी या दोन्हींचे मूळ एकाच समजुतीत आहे. मूल एका विशिष्ट क्षणी बसू लागते, एका विशिष्ट क्षणी चालू लागते आणि तो क्षण ज्याने पाहिला त्याला तो मिळाला, ज्याचा चुकला त्याचा कायमचा चुकला, अशी ती समजूत आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. तुमची नात बसू लागली ती त्या गुरुवारी नव्हे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिने मान धरली तेव्हापासून तिचे बसणे सुरू झाले होते. मग पालथी पडून कोपरांवर छाती उचलायला ती शिकली, मग मांडीवर बसवले असता पाठ थोडी ताठ होऊ लागली, मग दोन्ही हात पुढे टेकून ती काही क्षण बसू लागली, मग कलंडू लागली, कलंडताना एक हात बाजूला टेकवून सावरू लागली, आणि शेवटी हात मोकळे झाले. यातल्या कोणत्या पायरीला पहिले बसणे म्हणावे, हे ठरवणे कोणालाही सोपे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले (भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती), त्या अभ्यासात म्हणूनच आधी व्याख्या करून घ्याव्या लागल्या. हातांचा आधार न घेता, मान ताठ ठेवून निदान १० सेकंद बसले तर ते बसणे. हात-गुडघ्यांवर लागोपाठ निदान तीन वेळा पुढे सरकले तर ते रांगणे. आणि कोणाचाही हात न धरता निदान पाच पावले टाकली तर ते चालणे. म्हणजे ज्या पहिल्या पावलासाठी तुम्ही आतापासून बेचैन आहात, ते त्या हिशेबात धरलेच जाणार नाही. त्यानंतरची आणखी चार पावले पडावी लागतील, आणि ती पडेपर्यंत शनिवार-रविवार येऊन जाण्याची शक्यता भरपूर आहे.

पाऊल पडू लागल्यानंतरची कथाही तितकीच मोठी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना खेळत असताना पाहून त्यांची पावले मोजली, तेव्हा असे आढळले की मूल एका तासात सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो पावले आणि शेकडो वेळा पडणे, पडून पुन्हा उठणे, असे ते शिक्षण असते. त्यातले एक पाऊल दुपारी अडीच वाजता तुमच्यासमोर पडले म्हणून सुनेचे काही हिरावले जात नाही. तिला पाहायला मिळेल ते रोज बदलत जाणारे चालणे: आधी हात वर धरून, पाय फाकवून, हेलकावत, मग हात हळूहळू खाली येत, मग वळण घेत, मग हातात काही धरून. ते पाहण्याची नजर तिला असेल, तर संध्याकाळचे दोन तासही कमी पडणार नाहीत.

म्हणून सांगताना निकाल सांगू नका, तयारी सांगा. "आज रांगली" एवढे ऐकून आईच्या मनात पहिला विचार येतो तो आपण तिथे नव्हतो याचा. याउलट, "आज हात-गुडघ्यांवर उभी राहून पुढे-मागे झुलत होती, पण पुढे काही सरकता येईना, मग चिडून पोटावर पडली, रात्री सतरंजीवर टाकून बघ," असे सांगितले तर तिला पाहण्यासारखे काहीतरी हाती येते. रांगण्यापूर्वी बरीच मुले अशी झुलतात, काही तर आधी मागेच सरकतात आणि समोरचे खेळणे लांब जाते आहे म्हणून रडतात. हे सारे इतके मजेचे असते की मला त्यापुढे प्रत्यक्ष रांगणे थोडे फिके वाटते.

आता चौथ्या मजल्यावरच्या बाळाविषयी. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, हात-गुडघ्यांवर रांगू लागली ती ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटी चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. रांगण्याच्या बाबतीत लवकरचे मूल आणि उशिराचे मूल यांत आठ महिन्यांचे अंतर असू शकते आणि तरीही दोघेही निरोगी असतात. त्याच अभ्यासातली ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ती त्यावाचून उभी राहिली. काही मुले बसल्या जागी कुल्ल्यांवर घसटत पुढे जातात, काही पोटावर सरपटतात. तुमच्या नातीचा आठवा महिना आताच लागला आहे आणि ती छान बसते आहे, म्हणजे तिच्या बाबतीत उशीर झाला असे म्हणायला आज काहीच आधार नाही. अ‍ॅपमधली माहिती खोटी असते असे नाही. पण ती एका महिन्याला एक खूण करायला सांगते आणि मूल त्या खुणेपर्यंत कसे पोहोचते आहे, याबद्दल गप्प असते. सुनेने ते रोज उघडण्याऐवजी महिन्यातून एकदा उघडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: बाळ दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मले असेल, तर वय मोजताना जेवढे आठवडे ते लवकर आले तेवढे वजा करावे लागतात. शेजारपाजारच्या तुलनांमध्ये हा हिशेब सहसा कोणी करत नाही.

रांगणे-चालणे ठळक असते म्हणून सर्वांचे लक्ष तिकडेच जाते. पण आठव्या महिन्यात पाहण्याजोगे जे खरे वैभव आहे, ते हातांत, कानांत आणि चेहऱ्यावर आहे, आणि दुपारच्या निवांत वेळी तुमच्याइतके ते कोणालाच दिसणार नाही.

हातांपासून सुरुवात करा. जन्मतः तिच्या तळव्यावर बोट ठेवले की मूठ मिटत असे, तो तिचा निर्णय नव्हता. ती प्रतिक्षिप्त क्रिया होती आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ती मावळली. त्यानंतरचे धरणे तिचे स्वतःचे आहे. आता ती खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेत असेल. सतरंजीवर पडलेला दोरा दिसला की सगळी बोटे पसरून ती तो पंज्याने ओढत असेल. येत्या दोन-तीन महिन्यांत हेच काम अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीने होऊ लागेल, आणि त्या मधल्या काळात चिमूट कशी घडत जाते हे पाहण्यासारखे आहे: बोटे एकेक करून माघार घेतात आणि शेवटी दोनच उरतात. याच काळात जमिनीवरचे बटण, औषधाची गोळी, नाणे, शेंगदाणा यांचीही निवड ती तेवढ्याच कौशल्याने करील, म्हणून रोज सकाळी एकदा तुम्ही स्वतः खाली बसून तिच्या उंचीवरून खोली पाहावी.

मग ती चमचा खाली टाकू लागेल, वाकून पाहील, तुम्ही उचलून दिला की पुन्हा टाकील. हा खोडकरपणा नाही. डोळ्यांआड गेलेली वस्तू अस्तित्वात असते का, या प्रश्नाचा तो तपास आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून असे मत मांडले होते की साधारण आठ महिन्यांपर्यंत लपवलेली वस्तू बाळाच्या लेखी उरतच नाही, म्हणून ते तिचा शोध घेत नाही. पुढे १९८०च्या दशकात रेने बायर्जाँ यांनी बाळे कोणत्या दृश्याकडे जास्त वेळ टक लावून पाहतात ते मोजून दाखवले की चार-पाच महिन्यांच्या बाळालाही वस्तू पडद्याआड असल्याची काही जाणीव असते. बाळाला ठाऊक केव्हा होते याविषयी तज्ज्ञ अजून वाद घालोत. हात पुढे करून शोधणे कधी सुरू होते, ते तुम्हाला घरी पाहता येईल. तिच्या देखत खुळखुळा वाटीखाली झाका. आज ती कदाचित वाटीकडे नुसती पाहील, पंधरा दिवसांनी वाटी उचलील आणि मग दिवसभर तोच खेळ चालेल. पदराआड तोंड लपवून "भॉ" करण्याचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या याच वयात का रंगतो, ते यावरून कळते. वाटीचा खेळ संध्याकाळसाठी राखून ठेवायला हरकत नाही. सून थकून आलेली असली तरी पाच मिनिटांत तिच्यासमोर ती वाटी उचलली जाईल.

कानांची गोष्ट तर विशेष आहे. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' हे दोन उच्चार ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक ओळखता आला. पण दहा-बारा महिन्यांची झाल्यावर, घरात तो फरक कधी ऐकलाच नसल्याने, बहुतेकांना तो ओळखता येईनासा झाला. म्हणजे तुमच्या नातीचा कान नेमका याच महिन्यांत घरच्या भाषेच्या मापाने घडतो आहे. या काळात तुम्ही तिच्याशी जे बोलाल, मालिश करताना जे गुणगुणाल, बाल्कनीतून येऊरच्या बाजूला उडणारे पोपट दाखवताना जे सांगाल, त्या प्रत्येक वाक्याचे काम होते आहे. हे काम टीव्ही किंवा मोबाइल करत नाही. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली, तेव्हा बाळे त्या भाषेतले उच्चार वेगळे ओळखायला शिकली; त्याच माणसांचे चित्रीकरण दाखवले तेव्हा मात्र काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना एक वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये असे सांगते, त्यामागेही बाळाचा वेळ माणसांबरोबर आणि हालचालीत जावा हाच विचार आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको म्हणते, मात्र घरच्यांशी व्हिडिओवर बोलण्याला तिने सूट दिली आहे. तेव्हा दुपारच्या सुट्टीत सुनेने दोन मिनिटे तोंड दाखवले तर खुशाल दाखवू द्या.

या महिन्यांत ती "बाबाबा", "दादादा" अशी अक्षरांची माळ लावील आणि तुमचा मुलगा आपल्यालाच हाक मारली म्हणून हुरळून जाईल. त्या आवाजाला अजून अर्थ नसतो. तरी त्याने उत्साहाने "ओ" द्यावी. अर्थ येतो तो अशा प्रतिसादांतूनच.

यातूनच तुमच्या टोचणीकडे वळते. तुमचा आनंद सुनेच्या वाट्यातून वजा होतो, असे तुम्हाला वाटते. बाळाच्या बाजूने पाहिले तर उलटेच दिसते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आईने बाळाशी खेळता खेळता काही वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा होता. बाळाने आधी हसून, मग हातवारे करून तिला परत बोलते करण्याचा प्रयत्न केला आणि काहीच उत्तर येईना तेव्हा मान फिरवून घेतली. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद ही बाळाला लागणारी गोष्ट आहे. त्याच्या प्रत्येक हालचालीला कोणीतरी उत्तर देते, यातून ते पुढची हालचाल करते. तुमची नात आधार न घेता बसली आणि समोर कोणी टाळी वाजवणारे नसतेच, तर ती अधिक वाईट गोष्ट झाली असती. मुलाच्या वेळी नोकरी, घर, पाहुणे सांभाळताना जे पाहायला सवड मिळाली नाही, ते आता मिळते आहे. त्यात चोरी कसली? आणि ते तुम्ही सुनेला मोकळेपणाने बोलून दाखवा. "तुझ्या नवऱ्याचे रांगणे मला आठवत नाही," हे वाक्य सासूच्या तोंडून ऐकणे, नुकत्याच कामावर परतलेल्या सुनेला माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा अधिक धीर देईल, असा माझा अंदाज आहे.

सुनेचे बाळाच्या मनातले स्थान ढळेल, अशी भीती तर मुळीच नको. नवजात बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतात, हे १९८० मध्येच प्रयोगांनी दाखवले गेले आहे, आणि गर्भात ऐकलेल्या आवाजाची ती ओळख असावी असे मानले जाते. बाळाचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडू शकतो. आजीवर जडला म्हणून आईवरचा कमी होत नाही. उलट आता आठव्या-नवव्या महिन्यात एक गोष्ट सुरू होईल, तिची तयारी दोघींनी आधीच करून ठेवा. अनोळखी माणसाने घेतले की नात रडेल, आणि सकाळी आई दाराकडे वळली की तिच्या गळ्याला मिठी मारून आकांत करील. सुनेला वाटेल, आपण नोकरी करतो म्हणून हे होते आहे. तसे नाही. आई ही आई आहे, ती जाऊ शकते आणि ती गेली तरी कुठेतरी असते, एवढे कळू लागल्याची ती खूण आहे, वाटीखालच्या खुळखुळ्याइतकीच. अशा वेळी बरीच घरे बाळाला आत नेऊन आईला गुपचूप निसटायला सांगतात. कृपया तसे करू नका. आई न सांगता नाहीशी होते असा अनुभव आला की बाळ दिवसभर तिच्यावर डोळा ठेवू लागते. रोज त्याच शब्दांत, हसून, हात हलवून टाटा करावा आणि मग न रेंगाळता निघावे. रडणे बहुधा लिफ्ट खाली पोहोचेपर्यंत थांबते. थांबले की तुम्ही सुनेला तसा एक निरोप पाठवा. आणि संध्याकाळी बेल वाजल्यावर नात जी उसळी घेते, ती तुमच्यासाठी कधीच नसेल. ती सर्वस्वी सुनेची आहे.

दिवसाचा वृत्तान्त तिला दारातच देऊ नका. आधी दोघी अर्धा तास एकमेकींना पाहू देत. त्याऐवजी एक साधी वही करा आणि तीत रोज एखाद-दुसरे वाक्य लिहा. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या तब्बल ३७-३८ वर्षांनी, १८७७ मध्ये, लेखरूपाने छापल्या. बाळ ४५ दिवसांचे असताना हसले, अशी नोंद त्यांत आहे. तुमच्या वहीत तारखेपेक्षा तपशील महत्त्वाचा: कोणत्या बाजूला कलली, कशाकडे झेपावली, कशावर चिडली. शनिवार-रविवारची पाने मुलाने आणि सुनेने लिहावीत. त्या दोन दिवशी आंघोळ-मालिशही त्यांच्याकडे सोपवा आणि तुम्ही खुशाल तलावपाळीला मैत्रिणींबरोबर फेरी मारून या. त्या वेळी घरी नातीने काही नवे केले, तर ते तुम्हाला सांगताना सुनेला काय वाटते, हेही तिला कळेल.

आनंदाच्या गोष्टीत थोडी सावधगिरीची बाजू राहून जाऊ नये. नववा महिना पुरा होऊनही आधाराशिवाय बसता आले नाही, आवाजाकडे मान वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, सतत एकच हात वापरून दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, अंग फार ताठ किंवा फार सैल लागत असेल, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट करणे थांबले असेल, तर शेजाऱ्यांना न विचारता थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे. विशेषतः शेवटची खूण दिसली तर एक दिवसही थांबू नये. नातीला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसाठी जालच. त्या वेळी माता आणि बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. त्यात वाढीच्या टप्प्यांची चित्रे असतात आणि ती डॉक्टरांसमोर ताडून पाहता येतात. सुनेच्या काळजीला अ‍ॅपपेक्षा तिथे बरे उत्तर मिळेल, म्हणून त्या दिवशी तिने अर्धी रजा काढून यावे.

वॉकरबद्दल मुलाला स्पष्ट नाही सांगा. चाकांच्या गोल वॉकरमध्ये बाळ बसले की ते आपल्या ताब्यात नसलेल्या वेगाने जिन्याकडे, गॅसकडे किंवा गरम चहाकडे पोहोचते. अशा अपघातांमुळेच कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. शिवाय त्यामुळे चालणे लवकर येत नाही, झाला तर उशीरच होतो, कारण जमिनीवर लोळून, झुलून, पडून जे स्नायू आणि जो तोल तयार व्हायचा तो तसाच राहतो. त्या पैशांत एक मोठी जाड सतरंजी घ्या, हॉलमधले टीपॉय भिंतीशी सरकवा आणि तिला दिवसातून बराच वेळ खाली मोकळे सोडा. पुढे ती स्वतः धरून उभी राहू लागली आणि आधाराने पावले टाकू लागली की ढकलायचा लाकडी पांगुळगाडा आणायला हरकत नाही, मात्र कोणीतरी शेजारी हवे आणि तिच्या पायांत मोजे नसावेत. हल्लीच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात.